रोल संपला की देतो

माझ्या पहिल्या कॅमेऱ्यात समजायला अवघड असं काही नव्हतं. पत्र्याचा काळा डबा, पुढं एक भिंग, बाजूला एक खटका आणि वर बघायला काचेचं एवढंसं चौकोनी भोक. बास. अंतर जुळवायची सोय नाही. उजेडासाठी एक पट्टी होती, तिच्यावर दोन चित्रं: एक सूर्याचं, एक ढगाचं. बहात्तरच्या दुष्काळात त्यातलं ढगाचं चित्र मी वर्षभर वापरलं नाही.

हिंगोलीत एसटी स्टँडच्या रस्त्यावर माझं दुकान होतं. हिंगोली तेव्हा तालुक्याचं गाव, जिल्हा परभणी. दुकानात मोठा लाकडी कॅमेरा होता, पण तो तिथून हलायचा नाही. बाजाराच्या दिवशी मी हा डबा गळ्यात अडकवून जवळा बाजार ह्या गावाला जायचो. लिंबाच्या झाडाला चादर बांधायची, पुढं घडीची खुर्ची मांडायची, की झाला स्टुडिओ. संगं आरसा, फणी, पावडरीचा डबा आणि तोंड पुसायला ओलं फडकं. एक मनगटी घड्याळ पण होतं. ते बंद होतं, पण तिकडच्या निम्म्या गावांतल्या नवरदेवांच्या मनगटावर तुम्हाला तेच दिसेल. सगळ्यांच्या फोटोत पावणेचार वाजलेत.

गिऱ्हाईक आलं की पहिली अट घालायचं, "पायासकट काढा." अर्धा फोटो लोकांना अपशकुनी वाटायचा. एकदा शहरातल्यासारखा छातीपर्यंत फोटो काढून दिला, तर त्या म्हाताऱ्यानं फोटो उलटून मागं बघितलं. मला म्हणाला, "बाकीचा मी कुठं गेलो?" मी हसलो. तो हसला नाही. फोटो तिथंच ठेवून निघून गेला. तेव्हापासून मी सगळ्यांचे पाय घेऊ लागलो. डब्याच्या कॅमेऱ्याला ते बराबर जमायचंही, कारण माणूस आठ-दहा फुटांवर असला तरच त्याचं चित्र नीट यायचं. जवळ आला की धुकट. एकटा माणूस असा पुरा घेतला की त्याचा चेहरा वर जातो आणि फोटोच्या बरोबर मधोमध त्याचं पोट येतं. आणि बाई लेकरू मांडीवर घेऊन बसली असली, तर मधोमध लेकराचं तोंड येतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता रोलचं सांगतो, म्हणजे माझी चूक तुम्हाला नीट कळेल. एका रोलात बारा फोटो. फिल्मच्या पाठीला तेवढाच लांब काळा कागद, त्यावर एक ते बारा आकडे. कॅमेऱ्याच्या पाठीमागं लाल काचेची गोल खिडकी, चाराण्याएवढी. चावी फिरवली की त्या खिडकीतून आकडा सरकताना दिसायचा. आठ गेला, नऊ आला, थांबा. खिडकी लाल असायचं कारण असं, की जुन्या फिल्मला लाल उजेड कळायचाच नाही. पुढं नव्या फिल्मी आल्या, त्यांना लाल पण कळायला लागलं. कॅमेरा मात्र जुनाच. म्हणून आम्ही त्या खिडकीवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचो, आकडा बघायचा असेल तेवढ्यापुरता उचलायचा, परत दाबून टाकायचा.

त्या सालात रोल मिळायचे वांधे होते. हैदराबादहून एक माणूस मोठ्या रिळातली सुटी फिल्म आणून द्यायचा. ती मापानं कापून, जुन्या वापरलेल्या काळ्या कागदावर आपल्या हातानं गुंडाळायची. हे काम अंधारात करावं लागतं. माझ्या घरात अंधारी खोली नव्हती, म्हणून मी भर दुपारी दोन गोधड्या पांघरून उन्हाळ्यात आत बसायचो. बायको बाहेरून म्हणायची, "जिते हाव का?" कागद चार-चारदा वापरलेले. त्यांच्यावरचा काळा रंग घडीघडीला उडालेला असायचा. दिसत होतं मला. पण चालवून घेतलं.

आणखी एक रीत होती, सगळ्यांचीच. बारा फोटो पुरे झाल्याशिवाय रोल धुवायचा नाही. अर्धा रोल धुतला तर उरलेली फिल्म फुकट गेली. म्हणून गिऱ्हाईकाला आमचं ठरलेलं उत्तर असायचं, रोल संपला की देतो. लग्नसराईत रोल एका दिवसात संपायचा. दुष्काळात कोण फोटो काढतंय?

त्या दुष्काळात, फाल्गुन लागला असेल तेव्हा, जवळा बाजारला माझ्या खुर्चीपुढं दोघी येऊन उभ्या राहिल्या. एक शिरड शहापूरची शेवंता, वीस-एकवीस वर्षांची. दुसरी तिची सासू. शेवंताच्या कडेवर चार महिन्यांचं पोरगं, लाल कुंचीत गुंडाळलेलं. दोघी रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. हातांवर पांढरी धूळ तशीच बसलेली होती.

"भाऊ, लेकराचा फोटू पायजे," शेवंता म्हणाली. "ह्याचा बाप मिल्ट्रीत हाय. ह्यो झाला तवा त्यो तिकडंच व्हता. अजून तोंड पाह्यलं न्हाई त्यानं."

"चिठ्ठी आली," सासू म्हणाली. "मास्तरानं वाचून दावली. रजा दिवाळीला हाय म्हनं, तंवर फोटू तरी धाडा म्हनतो. नाव बी त्यानंच धाडलं चिठ्ठीतून. मिलिंद."

मी म्हटलं, बसा. शेवंता खुर्चीवर टोकाला बसली. मी वरच्या काचेत बघितलं. बाई चांगली दिसत होती, लेकरूही जागं होतं. फक्त त्याच्या कपाळावर आणि गालावर रुपयाएवढ्या दोन काळ्या तिटा. काजळाचा नुसता थर. मी ओलं फडकं पुढं केलं.

"ती तीट पुसून टाका."

"काहून?" सासू पुढं सरकली. "तीट पुसायची नसती. चारचौघांत आनलंय लेकरू, त्यात तुमचा ह्यो डबा. नजर लागती."

"मावशी, फोटोत ती डागासारखी दिसते. बापाला वाटंल लेकराच्या तोंडावर डाग हाय. पहिल्यांदा बघून राहिला ना तो? मग स्वच्छ तोंड दिसू द्या की."

शेवंतानं एकदा सासूकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग माझं ऐकलं. फडक्यानं तिनं दोन्ही तिटा पुसल्या. काजळ निघेना, तर थुंकी लावून पदरानं घासलं. पोरगं रडलं नाही. उलट, माझ्या खटक्याच्या आवाजाकडं बघून त्यानं तोंड उघडलं, हसल्यासारखं. फोटो लागला नववा.

त्यानंतर कुणी आलं नाही. चादर सोडली, खुर्ची घडी केली आणि एसटीनं हिंगोलीला आलो. माझी एक सवय होती, फोटो काढल्यावर चावी फिरवायची नाही, पुढचं गिऱ्हाईक बसलं की मग फिरवायची. बाकीचे लगेच फिरवून ठेवायचे. मला वाटायचं, तसं केलं की रोल आत ढिला पडतो. म्हणजे शेवंताचा नववा फोटो त्या लाल खिडकीपुढंच थांबलेला. दुकानात आल्यावर कॅमेरा नेहमीच्या खिळ्याला अडकवला. खिडकीवरची चिकटपट्टी बाजारात कुठंतरी पडली होती. ते दिसलं पण. उद्या लावू म्हटलं. खिळा दुकानाच्या पश्चिमेच्या खिडकीसमोर होता, आणि कॅमेऱ्याची पाठ उन्हाकडं.

पंधरा दिवसांनी शेवंता आली. फोटो पाहिजे म्हणाली. मी सांगितलं, तीन उरलेत, रोल संपला की देतो. ती बरं म्हणून गेली. आणखी पंधरा-वीस दिवसांनी परत आली, लेकरू घेऊनच. एक दिवसाची हजेरी बुडवून आली होती. पोरगं तिच्या खांद्यावर झोपलेलं. डब्यात अजून तेच तीन बाकी.

"अजून न्हाई का, भाऊ? त्येची दुसरी चिठ्ठी आली."

"बाई, गिऱ्हाईकच न्हाई तर मी तरी काय करू? तीन फोटो झाले की लगेच धुतो."

"मग माझेच काढा की आनखी तीन," ती म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. "न्हाई. ऱ्हाऊ द्या."

त्या दिवशी मी तीन फोटोंएवढा फिल्मचा तुकडा फुकट घालवायला तयार झालो असतो, रोल काढून धुतला असता, तर काय झालं ते त्याच संध्याकाळी कळलं असतं. लेकरू तिच्या खांद्यावर होतं. ऊनही होतं. दुसरा फोटो निघाला असता. ह्यापेक्षा साधी गोष्ट माझ्या धंद्यात दुसरी नव्हती, आणि ती मी केली नाही.

वैशाखात तिचा सासरा एकटाच आला. दुकानाच्या पायरीवर बसला, पाणी मागितलं, प्यायला. मग म्हणाला, "लेकरू गेलं. जुलाब लागले व्हते. दोन दिवसांत गेलं." तांब्या पायरीवर ठेवला आणि म्हणाला, "पोराला चिठ्ठी धाडली न्हाई अजून. फोटू आला की संगं धाडू म्हनलं. निदान तोंड तरी बघंल."

मी त्याला आठ दिवसांनी या म्हटलं. तो गेल्यावर कॅमेरा खिळ्यावरून काढला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीचे तीन फोटो खटाखट काढले. दहा, अकरा, बारा. रोल संपला. एवढंच करायचं होतं. दोन महिने मी ह्यासाठी त्या बाईला हेलपाटे घालायला लावले.

फिल्म धुऊन उजेडात धरली. फिल्मवर सगळं उलटं दिसतं, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. नवव्या फोटोत शेवंता होती, खुर्ची होती, लिंबाचं खोड होतं, तिचे अनवाणी पाय होते. मांडीवर कुंची होती. आणि कुंचीच्या आत, जिथं तोंड असायला पाहिजे, तिथं एक काळाभोर गोल होता. कागदावर छापला तेव्हा तो पांढरा झाला. चाराण्याएवढी लाल खिडकी, काळा रंग उडालेला कागद आणि दोन महिन्यांचं ऊन. फोटोत बाकी कशाला काही झालं नव्हतं.

म्हाताऱ्याला मी तोंड दाखवू शकलो नाही. तो आला तेव्हा आतल्या बाजूला बसून राहिलो आणि शेजारच्या सायकलवाल्याकरवी सांगितलं, औषधं संपली, परभणीहून यायचीत. नंतर दोनदा तेच सांगितलं. शेवटी त्यानं फोटोविनाच पोराला चिठ्ठी धाडली. किसन, म्हणजे शेवंताचा नवरा, दिवाळीला रजेवर येणार होता, आणि फोटो तो स्वतःच घेऊन जाईल, असा निरोप मला आला.

आता मी काय केलं ते सांगतो. माझा राजू तेव्हा पाच महिन्यांचा होता. बायकोनं त्यालाही कुंची घातलेली, अंगणातल्या उन्हात त्याचा मी फोटो काढलेला. त्यातलं त्याचं तोंड कापून घेतलं, ब्लेडनं कडा सोलून पातळ केल्या आणि शेवंताच्या फोटोतल्या पांढऱ्या गोलावर चिकटवलं. कुंचीची कड ब्रशनं जुळवली. मग दुकानातल्या मोठ्या कॅमेऱ्यानं त्या चिकटवलेल्या फोटोचा फोटो काढला. खोटं सांगत नाही, काम असं साधलं होतं की जोड मला स्वतःला सापडेना. आयुष्यात माझ्या हातून झालेलं सगळ्यात सफाईचं काम ते. बायकोला त्यातलं काही सांगितलं नाही. जित्या लेकराचं तोंड गेलेल्या लेकराच्या जागी लावलं असं तिला कळलं असतं, तर तिनं मला उभं जाळलं असतं.

दिवाळीच्या आधी दोघं आली. किसन उंचापुरा, बूट घातलेला, आवाज मोठा. शेवंता त्याच्या मागं. ती निम्मी झाली होती. मी पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं फोटो बाहेर काढला आणि दारात, उजेडात घेऊन गेला. 

"नाक माझ्या मायवर गेलं," तो म्हणाला.  एवढा मोठा गडी, हातातला फोटो ओला होऊ नये म्हणून लांब धरून रडून राहिला. "बघ की शेवंते. हसून राहिलाय. तू चिठ्ठीत कळवलं व्हतं, हसतो म्हनून."

शेवंतानं फोटोकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्या नजरेपुढं मला वाटलं, आता बोलेल ही. तिनं बोलावंच. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतो. किसननं विचारलं, "हाय ना बराबर तसाच?"

"व्हय," ती म्हणाली. "तसाच."

किसननं डोळे पुसले. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मेहरबानी साहेब, लई मोठी मेहरबानी. शेवंते, ह्याला काच लावून आनतो, तू बस इथं." आणि समोरच्या काचवाल्याकडं गेला. बुटांचा आवाज रस्ता ओलांडेपर्यंत येत होता.

शेवंता स्टुलावर बसली. तिनं आवाज चढवला नाही.

"कुणाचं लेकरू ते?"

माझ्या तोंडून खोटं निघालं नाही. "माझं."

"जितं हाय ना?"

"हाय."

तिनं श्वास सोडला. "मग ठीक. म्या म्हनलं, कुनाचं गेलेलं असलं तर त्याची माय हुडकत असंल." मग म्हणाली, "माझ्या लेकराचं काय झालं? खरं सांगा."

मी सांगितलं. खिडकी, कागद, खिळा, तीन उरलेले फोटो, सगळं. तिनं किती समजून घेतलं मला माहीत नाही, पण मधे एकदाच बोलली. "मंजे म्या लेकरू घेऊन आले व्हते, तवा बी ते गेलंच व्हतं फोटूतून?"

"व्हय."

"आन् तुमाला ठाऊक न्हवतं."

"बघितलं न्हाई मी."

"तो फोटू द्या मला," ती म्हणाली. "डागाचा."

मी ड्रॉवरच्या तळातून तो काढून दिला. तिनं तो मांडीवर ठेवला, जशी त्या दिवशी लेकरू ठेवून बसली होती, आणि त्या पांढऱ्या गोलावरून बोट फिरवलं. मला वाटलं फाडेल. ती उठली, आरशापुढं गेली. तिथं गिऱ्हाइकांसाठी फणी, पावडर आणि काजळाची डबी ठेवलेली असायची. तिनं डबीत बोट बुडवलं आणि त्या पांढऱ्यावर, वरच्या बाजूला, कपाळ असेल तिथं, एक तीट लावली. मग खाली गालावर दुसरी. रुपयाएवढी नाही, बारीकच. फोटो लहान होता.

"पुसाया लावली व्हती तुमी," ती म्हणाली.

मला माफी मागायचीही लाज वाटली. तिनं फोटो पोलक्याच्या आत ठेवला आणि काजळाच्या डबीचं झाकण लावून ती जागेवर ठेवली. किसन रस्ता ओलांडून येताना दिसला, तशी ती हळूच म्हणाली, "ह्याला सांगू नका कधी. ह्यानं एकदा पाह्यलं तोंड, त्याचं त्याला ऱ्हाऊ द्या. आन् तुमच्या लेकराला तीट लावत जा. आमच्या घरात हार पडंल त्याच्या फोटूला."

दोघं शिरडच्या गाडीत बसून गेली. मी दुकान बंद केलं आणि घरी जाऊन राजूला स्वतःच्या हातानं तीट लावली. बायको म्हणाली, "आज काय हे नवीन?" मी म्हटलं, असंच. पोराला शाळेत घालेपर्यंत रोज लावली. बायको मला येडा म्हणायची. ती गेली, पण तिला शेवटपर्यंत कारण सांगितलं नाही.

धंदा पुढं चाळीस वर्षं केला. चांगले कॅमेरे घेतले, रंगीत फोटो काढले, लोकांनी नावही घेतलं. कुणी कौतुक केलं की मला ते एक सफाईचं काम आठवतं आणि त्या कौतुकाची चव जाते. फोटो काढताना कुठल्याही आईला तीट पुसायला मी परत सांगितलं नाही. माझ्या हातच्या सगळ्या लेकरांच्या फोटोत काळे डाग आहेत, हवं तर जाऊन बघा.

शेवंता जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्यासोबत तो डागाचा फोटो गेला का कुठं राहिला, मला माहीत नाही. किसन औंदा गेला, शिरडच्या एसटी कंडक्टरनं सांगितलं. किसनला सांगणार नाही असा शेवंताला मनातून शब्द दिला होता, आणि आता ज्याला सांगायचं नव्हतं तो राहिला नाही, म्हणून लिहून राहिलोय. कंडक्टर म्हणाला, त्यांच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी एका लेकराचा जुना फोटो आहे, आईच्या मांडीवरचा, आणि दर पौर्णिमेला त्याला फुलं वाहतात.

राजूनं पन्नाशी ओलांडली. डोक्यावर केस राहिले नाहीत. हे त्याला मी कधी बोललो नाही, समोर बसून बोलता येणार पण नाही. हे छापून येईल तो दिवाळी अंक त्याच्या घरी जातो.